कोयनेत आधी रोबो सोडा, मग समुद्राचं बघू

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊनच बसा.

'मत्स्य ६०००' चे फोटो तुमच्या ग्रुपवर येऊन गेलेच असतील. तीन माणसांना घेऊन समुद्रात ६,००० मीटर खोल जाण्यासाठी चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयओटी, हे वाहन तयार करतेय. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळ कट्टुपल्ली बंदरात त्याच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. आपल्या ग्रुपवर चार तिरंगे पडले, "अभिमान आहे" असं दोघांनी लिहिलं आणि पुढचा मेसेज ऊसदराचा आला. ऊसदर महत्त्वाचाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. याच ग्रुपमधल्या एखाद्याच्या पोरानं उद्या घरी सांगितलं की मला समुद्रात जाणारे रोबो बनवायचेत, तर उत्तर ठरलेलं आहे. "समुद्र कुठं, सांगली कुठं? गप पुण्याला जाऊन आयटी कर."

माझं म्हणणं असं, की समुद्राच्या तळाशी जाणारी यंत्रं बनवायला लागणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या सातारा-सांगलीत आज पडून आहेत. कारागीर आहेत, फाउंड्री आहेत, पंपांचं शंभर वर्षांचं ज्ञान आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. आणि समुद्राच्या आधी जे लागतं ते खोल, शांत पाणी तर आपल्याइतकं कुणाकडंच नाही. फक्त या चार गोष्टी एकमेकांना भेटत नाहीत.

आधी "आपल्याला काय त्याचं" या प्रश्नाचं बघू, कारण तो प्रश्न चुकीचा नाही.

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला विचारा की ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस म्हणजे काय. फुलोऱ्यातली बाग एका रात्रीत जाते. तो पाऊस येतो कुठून? बहुतेक वेळा अरबी समुद्रातून नाहीतर बंगालच्या उपसागरातून. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते, ही वादळं अरबी समुद्रात तयार झाली, आणि हा समुद्र तापत चाललाय हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ किती वर्षं सांगतायत. आता समुद्र वरून किती तापलाय हे उपग्रह सांगतो. पण ती उष्णता खाली किती मीटरपर्यंत मुरलीय हे उपग्रहाला दिसत नाही. ते मोजायला पाण्यात उतरावंच लागतं.

ते काम आज कोण करतं माहीत आहे? जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० 'आर्गो' फ्लोट तरंगत सोडलेत. माणसाएवढी एक नळी. ती १,००० मीटरवर जाऊन गप पडून राहते, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारते, वर येताना तापमान आणि क्षार मोजत येते, वर आली की उपग्रहाला सगळं सांगते आणि परत खाली जाते. ना इंजिन, ना पंखा. पोटातलं तेल एका फुग्यात ढकललं की वर, परत आत ओढलं की खाली. भारतातल्या या फ्लोटचा कारभार हैदराबादची इन्कॉइस ही संस्था बघते, आणि त्यांचे आकडे हवामानाच्या अंदाजात जातात. म्हणजे जूनमध्ये तुम्ही पेरणी कधी करायची हे बघायला मोबाइल उघडता, त्यामागे कुठंतरी हिंदी महासागरात डुबक्या मारणारा एक रोबो असतो. आता सांगा, सांगलीचा आणि समुद्राचा संबंध आहे का नाही?

आता यंत्रांकडं येऊ. हा माझ्या आवडीचा भाग आहे, थोडं जास्त लिहीन.

पाण्यात दर १० मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो. शंभर फुटी विहिरीच्या तळाला गेलात तर वरच्यापेक्षा तिप्पट दाब वाढलेला असतो. ६,००० मीटरवर तोच सहाशेपट. तुमच्या अंगठ्याच्या नखावर, फक्त नखावर, सहा क्विंटल ओझं ठेवल्यासारखं. अशा ठिकाणी यंत्र टिकवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दाबाशी कुस्ती. 'मत्स्य' मध्ये माणसं बसतात तो टायटॅनियमचा गोळा आतून २.१ मीटर व्यासाचा आणि भिंत ८० मिलिमीटर जाड. त्याचं वेल्डिंग करायला इस्रोची मदत घ्यावी लागली, यावरून समजा. या कुस्तीत चूक झाली तर काय होतं ते जून २०२३ मध्ये टायटॅनिक बघायला गेलेल्या 'टायटन' नं दाखवलं. पाच माणसं क्षणात गेली.

दुसरा रस्ता म्हणजे दाबाशी भांडायचंच नाही. त्याला आत येऊ द्यायचं. मोटरच्या पोटात हवा ठेवायची नाही, तेल भरायचं आणि एका बाजूला रबरी पडदा लावायचा. बाहेर जितका दाब, तितकाच आत. मग भिंत जाड लागतच नाही. खोल समुद्रातल्या रोबोंचे पंखे फिरवणाऱ्या मोटरी अशाच असतात.

वाचून कुणाला ओळखीचं वाटलं? वाटायला पाहिजे. आपल्या बोअरमध्ये सोडायची सबमर्सिबल मोटर हीच आहे. खाली सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरतात, वायंडिंगची तार प्लास्टिकच्या आवरणाची असते, खाली रबरी डायफ्रॅम असतो. गावोगावच्या रिवायंडिंगवाल्याला हे आयुष्यभराच्या सवयीनं माहीत आहे. त्याला 'प्रेशर कॉम्पेन्सेशन' हा शब्द सांगितला तर तो तुमच्याकडं बघत राहील, आणि मोटर हातात दिली तर कुठं पाणी शिरलंय ते वासावरून सांगेल. मी पंपांच्या धंद्यात वीस वर्षं आहे. सील, ओ-रिंग, ग्लँड, शाफ्टवर पडलेला बारीक ओरखडा, यांवर जेवढं ज्ञान कुपवाड एमआयडीसीच्या एका गल्लीत आहे तेवढं मला तरी कुठल्या पुस्तकात एकत्र सापडलेलं नाही. पाण्याखालचं यंत्र सहसा सॉफ्टवेअरमुळं मरत नाही. ते मरतं दोन रुपयांच्या ओ-रिंगवर बसलेल्या केसामुळं.

नोकरीला लागून काही वर्षं झालेली पोरं म्हणतील, "काका, आता सगळं एआय आहे." असेल बाबा. पण एआयला बुडवायला एक पेटी लागते आणि ती गळता कामा नये.

तिसरी अडचण तरंगण्याची. रोबो जड झाला तर तळाला जाऊन बसतो, हलका झाला तर वर पळतो. त्याला मधेच लटकता आलं पाहिजे. आपण विहिरीत पोहायला शिकलो तेव्हा पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधायचो, तेच शास्त्र. फक्त ६,००० मीटरवर डबा चेपतो, म्हणून तिथं काचेच्या अतिबारीक पोकळ गोळ्या राळेत कालवून केलेला खास फोम वापरतात. आणि गोड्या पाण्यात नीट तरंगणारा रोबो खाऱ्या पाण्यात वर येतो, कारण समुद्राचं पाणी दोन-अडीच टक्के जड. ५० किलोचा रोबो असेल तर सव्वा किलोच्या आसपास वजन वाढवायचं, झालं.

चौथी अडचण बोलण्याची. पाण्याखाली मोबाइलची रेंज नाही, जीपीएस नाही. आवाज मात्र जातो, सेकंदाला साधारण १,५०० मीटर. म्हणजे ६,००० मीटर खाली असलेल्या यंत्राला तुम्ही "थांब" म्हणालात तर ते त्याला चार सेकंदांनी ऐकू येणार, आणि "थांबलो" हे तुम्हाला आणखी चार सेकंदांनी. म्हणून दोन जाती आहेत. एक केबलवाली, जिला वरून वीज आणि हुकूम दोन्ही मिळतात. दुसरी बिनकेबलची, जिला आधीच सगळं शिकवून सोडायचं आणि ती आपल्या बुद्धीनं फिरून परत येणार. येणार अशी आशा. जपानची 'काइको' जगातल्या सगळ्यात खोल जागी, मारियाना गर्तेत जाऊन आलेली होती. २००३ मध्ये तिची केबल तुटली आणि गेली ती गेलीच. अमेरिकेची 'नेरेयस' २०१४ मध्ये न्यूझीलंडजवळ जवळपास १० किलोमीटर खोलीवर फुटली. पैसेवाल्यांचीही यंत्रं बुडतात, हे आपल्या पोरांना सांगायला हवं. पहिला रोबो बुडाला म्हणून कॉलेजनं प्रोजेक्ट बंद करायचं नसतं.

आपल्या देशानं यात काय केलंय? बरंच, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा आधीपासून. एनआयओटीचा केबलवाला रोबो 'रोसब ६०००' यानं २०१० मध्ये हिंदी महासागरात ५,२८९ मीटर गाठलं. रशियातल्या संस्थेबरोबर मिळून तो बनवला होता. २०२१ मध्ये केंद्रानं ४,०७७ कोटींचं 'डीप ओशन मिशन' मंजूर केलं. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिनकेबलच्या रोबोनं दक्षिण हिंदी महासागरात ४,५०० मीटरवर, तळातून उकळतं पाणी बाहेर पडतं ती जागा शोधून तिचे फोटो काढले. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात निकेल, कोबाल्ट, तांबं असलेल्या गाठी शोधायचा हक्क भारताकडं आहे. त्या गाठी उपसाव्यात का, याबद्दल माझ्या मनात शंका आहेत. कृष्णेतली वाळू उपसून आपण नदीचं काय केलंय ते बघितल्यावर तळ खरवडायच्या योजनेवर पटकन टाळी वाजवत नाही. पण तिथं काय आहे, कुठले जीव आहेत हे आधी बघायलाही रोबोच लागणार.

यातलं आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण चेन्नईचं नाहीच. ते इथून आंबोली उतरून गेलं की लागणाऱ्या गोव्यातलं आहे.

दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एल्गर देसा आणि त्यांच्या गटानं २००० नंतरच्या दशकात 'माया' नावाचा छोटा बिनकेबलचा रोबो बनवला. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या संशोधकांची साथ होती. पावणेदोन मीटर लांब, पन्नास-पंचावन्न किलोचा, दोन माणसं उचलून होडीत ठेवतील असा. २०० मीटरपर्यंत जाणारा. त्याचं नाक बदलता येतं. आज विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल तर एक नाक, उद्या गढूळपणा किंवा शेवाळ मोजायचं तर दुसरं. पुढं एल अँड टीसारख्या मोठ्या कंपनीनं तो हाती घेतला.

आणि या 'माया' च्या सुरुवातीच्या चाचण्या कुठं झाल्या? अरबी समुद्र संस्थेच्या दारात असताना, केरळात इडुक्की धरणाच्या जलाशयात.

कारण साधं आहे. धरणात लाट नाही, भरती-ओहोटी नाही, खारं पाणी नाही. यंत्र डावीकडं वळलं तर ते सुकाणूमुळं वळलं की प्रवाहामुळं, हा गोंधळ नाही. हरवलं तर जाईल कुठं? धरणातच असणार. समुद्रात एक दिवस काम करायचं म्हणजे जहाज, परवानग्या आणि हवामान या तिघांची मर्जी सांभाळायची. धरणावर एक होडी आणि चार माणसं पुरतात. समुद्राचा रोबो आधी तळ्यात शिकतो.

आता आपल्या घरात बघा. कोयना. १०३ मीटर उंचीचं धरण, १०५ टीएमसी पाणी, शिवसागर जलाशय सह्याद्रीच्या कुशीत किती तरी किलोमीटर आत गेलेला. शिवाय धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, खाली शिराळ्याला वारणा. एका छोट्या रोबोला पहिली चार-पाच वर्षं लागणारी सगळी खोली इथं आहे. आणि पाण्याखालच्या अवघड कामांना कोयना नवीन नाही. १९९९ मध्ये आणि परत एप्रिल २०१२ मध्ये इथं लेक टॅपिंग झालं. जलाशयाच्या तळाखालून बोगदा आणून शेवटचा खडक स्फोटानं फोडायचा आणि धरण रिकामं न करता पाणी काढायचं. अख्खा महाराष्ट्र टीव्हीला चिकटून बसला होता. डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे गेलेलं आणि दुरुस्त होऊन अजून उभं असलेलं हे धरण आहे. त्याची पाण्याखालची भिंत नियमित बघायचं कारणही दुसऱ्या धरणांपेक्षा जास्त.

कुणी म्हणेल, कोयनेत सुरक्षेचा प्रश्न आहे, वीजनिर्मिती आहे, अभयारण्य आहे. मान्य. भिंतीजवळ कुणालाही जाऊ देऊ नका. पण जावळीतल्या मुनावळ्याला याच शिवसागराच्या पाण्यावर २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झालं, तेव्हा हे सगळे प्रश्न सोडवले गेलेच ना? जेट स्कीला वाट सापडते तर विद्यार्थ्यांच्या ३० किलोच्या, आवाज न करणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रालाही सापडेल. आखून दिलेली जागा, ठरलेले दिवस, नावं नोंदवलेली पोरं आणि एक जबाबदार अधिकारी. एवढंच पाहिजे.

"आपल्याकडं परंपरा नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. दरवर्षी ५ एप्रिलला देशात सागरी दिन पाळतात. का? तर १९१९ मध्ये त्या दिवशी सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट इंग्रजांच्या मक्तेदारीला न जुमानता मुंबईहून लंडनला निघाली. त्या कंपनीमागचा मोठा माणूस म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. विशाखापट्टणमची गोदी त्यांची. आणि सांगलीत विश्रामबागला १९४७ साली सुरू झालेल्या कॉलेजच्या फाटकावर ज्यांचं नाव आहे, तेही हेच. सोलापूरला तरी कुठं समुद्र होता? फाटकातून रोज हजारो पोरं आत जातात. त्यातल्या किती जणांना कुणी हे सांगितलं असेल?

किर्लोस्करवाडी १९१० ची. माळरानावर, कुंडल रोड स्टेशनशेजारी. २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकला, तेव्हा पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सची तज्ज्ञ मंडळी गेली होती. पाण्याखालच्या अडचणीसाठी जगानं आपल्या भागात मुळं असलेल्या कंपनीला विचारलं. आपण आपल्या धरणासाठी आणि पुलासाठी कधी कुणाला विचारणार?

आता कडू भाग.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजची चार पोरं आणि एक पोरगी माझ्याकडं आली होती. पाण्याखालचा रोबो करत होती, शाफ्टच्या सीलमधून पाणी येत होतं. दोन रविवार बसलो, दुरुस्त झालं. त्यांनी स्पर्धेत बक्षीसही मिळवलं. वर्षभरानं मी त्या कॉलेजात दुसऱ्या कामानं गेलो, तर रोबो काचेच्या कपाटात, गळ्यात फीत, शेजारी कप. बॅटरी काढून कुणीतरी दुसऱ्या प्रोजेक्टला वापरलेली. पोरं पुण्या-बंगळूरला. पुढच्या वर्षीच्या मुलांनी परत शून्यातून सुरुवात केली, परत त्याच जागी पाणी शिरलं. ड्रॉइंग कुठं आहेत विचारलं तर कुणाला माहीत नाही.

कॉलेजचं नाव सांगणार नाही, कारण ही गोष्ट एका कॉलेजची नाही. आपल्याकडं प्रोजेक्ट म्हणजे मार्क, बाइंडिंग केलेला रिपोर्ट आणि फोटो. एनआयओटी स्वतः विद्यार्थ्यांसाठी पाण्याखालच्या रोबोंची स्पर्धा घेत आलीय. आयआयटी मुंबईच्या पोरांची टीम 'मत्स्य' नावाचाच रोबो घेऊन अमेरिकेतल्या स्पर्धेत जाते, आणि तिचं बळ असं की दरवर्षी जुनी पोरं नव्यांच्या हातात यंत्र आणि वही दोन्ही देऊन जातात. हुशारी आपल्या पोरांत कमी नाही. वही पुढं जात नाही.

आणि वही पुढं जात नाही, कारण त्या रोबोला गिऱ्हाईक नाही. ज्याची कुणाला गरज नाही ते कपाटातच जाणार. म्हणून मी म्हणतो आधी समुद्राचं सोडा, आधी इथलं काम द्या.

काम आहे का? २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री, खाली महाडला पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी आणि इतर गाड्या अंधारात पाण्यात गेल्या. नंतरचे दिवस आपण टीव्हीवर काय बघितलं? क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून नदीत बसचा शोध. नौदलाचे पाणबुडे जीव धोक्यात घालून उतरत होते. त्यांना सलाम. पण एकविसाव्या शतकात आपण माणसं शोधायला लोहचुंबक वापरत होतो, हे मला अजून टोचतं.

पुलाचं दुखणं बऱ्याचदा पाण्याखाली असतं. खांबाच्या पायाभोवतीची माती-वाळू प्रवाह खरवडून नेतो. जिथं वाळूउपसा झालाय तिथं आणखी लवकर. वरून डांबर गुळगुळीत, कठडा रंगवलेला, आणि खाली पाया उघडा. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्या पट्टीवर ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. असे पूर अंगावर घेतलेल्या कृष्णा-वारणेवरच्या सगळ्या पुलांचे पाय दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, पाणी कमी आणि निवळ असताना, कॅमेऱ्यानं बघितले पाहिजेत. धरणांचं तर कायद्यातच आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केलीय, आणि देशात सर्वांत जास्त मोठी धरणं आपल्या राज्यात आहेत.

ही कल्पना नवी नाही, मी काही शोध लावलेला नाही. चेन्नईची प्लॅनिस आणि कोचीची आयरोव्ह या तरुणांच्या कंपन्या हेच करतात. धरणं, बंदरं, पुलांचे खांब पाण्याखाली तपासतात, स्वतःचे रोबो स्वतः बनवतात. प्लॅनिस आयआयटी मद्रासच्या आवारातून निघाली. बंदर तपासायला शिकलेला माणूस उद्या समुद्राच्या तळाचं यंत्र बनवायला तयार असतो. त्यांना आधी धरणाचं आणि बंदराचं काम मिळालं, म्हणून ते टिकले.

आता खोटी आशा दाखवत नाही. पूर चढलेला असताना छोटा रोबो काही कामाचा नाही. कृष्णेचा लोंढा त्याला काडीसारखा नेईल, आणि गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला वीतभर पुढचं दिसत नाही. तिथं आवाजावर 'बघणारं' सोनार लागतं, ते कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी महाग. बुडालेल्या माणसाला गळ टाकून शोधणाऱ्या आपल्या बचाव पथकांची जागाही रोबो लगेच घेणार नाही. पण विहिरीत, खाणीत, धरणाच्या निवळ पाण्यात माणूस उतरवण्याआधी यंत्र उतरवता आलं, तर एखाद्या पाणबुड्याचा जीव वाचेल.

"चीनचा तयार ड्रोन मागवा की, कशाला एवढा खटाटोप?" हा प्रश्न मला कालच एका मित्रानं विचारला. मागवा. पहिला मागवाच, उघडून बघायला. पण तो बिघडला की कुठं पाठवणार? आपल्या गढूळ, शेवाळी, प्लास्टिकनं भरलेल्या पाण्यात त्याचा पंखा पहिल्याच दिवशी गुंडाळणार. दुरुस्त करता येतं तेच यंत्र गावात टिकतं, हे ट्रॅक्टरनं आपल्याला शिकवलंय.

आणि 'माया' चं ते बदलता येणारं नाक आठवतंय? विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर ऑक्सिजन संपलेलं पाणी कसं वर येतं ते वर्षानुवर्षं मोजलं. आपल्या कृष्णेत उन्हाळ्यात मासे मरून वर येतात, तेव्हा आपण काय करतो? फोटो, निवेदन, पाण्याचे नमुने बाटलीत. नमुना पोचेपर्यंत घाण पाणी पुढं गेलेलं. ऑक्सिजनचं नाक लावलेलं एक यंत्र सांगली बंधाऱ्याच्या वर महिनाभर फिरत राहिलं, तर कुठल्या नाल्याच्या तोंडाशी रात्री किती वाजता ऑक्सिजन पडतो ते कळेल. समुद्रशास्त्र म्हणजे तरी दुसरं काय असतं? पाणी मोजत राहणं.

मागणी काय, ती लिहितो, म्हणजे नुसता तक्रारीचा सूर नको.

जलसंपदा विभागानं कोयना किंवा उरमोडीत, भिंतीपासून लांब, एक जागा चाचणीसाठी आखून द्यावी. दोन्ही जिल्ह्यांच्या बांधकाम विभागांनी येत्या एप्रिलमध्ये प्रत्येकी दोन, फक्त दोन, पुलांचे पाण्याखालचे पाय तपासायचं काम कॉलेज आणि स्थानिक कारखानदार यांच्या जोडीला रीतसर पैसे देऊन द्यावं. फुकट नको. फुकटच्या कामाची वही कुणी ठेवत नाही. वालचंद, कराडचं सरकारी कॉलेज, राजारामनगर यांनी वेगवेगळे तीन रोबो करण्यापेक्षा एकच करावा आणि ड्रॉइंग सगळ्यांना उघडी ठेवावीत. भांडण होईल, माहीत आहे. तरी.

आणि दिल्लीला जायची गरज नाही. डीप ओशन मिशन ज्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं आहे, त्याच मंत्रालयाची भूकंप संशोधनाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या पोटात बघणारी माणसं तिथं बसतात. पाण्याच्या पोटात बघायचंय असं सांगायला निदान त्यांच्या दारात तरी जाता येईल. खासदार-आमदारांपैकी कुणी ही पोस्ट वाचत असेल तर एक पत्र तुमच्याकडून गेलं तर बरं होईल.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. पहिल्या चाचणीला धरण लागत नाही, शेततळं चालतं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागात कुणाचं भरलेलं शेततळं असेल आणि रविवारी दोन-तीन तास वापरू द्यायची तयारी असेल तर मला कळवा. प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरतो आणि वर येता येत नाही, दरवर्षी पोरं जातात. त्यामुळं काठाला दोर आणि ट्यूब बांधलेली असेल, पोहणारा माणूस हजर असेल, तरच. कुपवाड, पलूस, साताऱ्याच्या एमआयडीसीत ज्यांच्याकडं लेथवर अॅल्युमिनियमचा जाड पाइप फिरवून मिळेल त्यांनी सांगा, मटेरियल मी देतो. आणि ज्या पाच पोरांचा रोबो कपाटात आहे, ती जिथं असतील तिथून त्यांनी तेवढी ड्रॉइंग शोधून पाठवावीत. पेनड्राइव्हवर असतील, नाहीतर त्या पोरीच्या निळ्या वहीत. सीलचं माप त्याच वहीत लिहिलेलं मी बघितलंय.